दहा नंबरला हात लावायचा नाही

मंडळाच्या गणपतीला एखादं नवीन जोडपं भेटतं, दोन वाक्यं बोलून होतात आणि ठरलेला प्रश्न येतो, ‘तुमचा जन्म इथलाच ना? मग मराठी इतकं स्वच्छ कसं?’ मी म्हणते, ‘बाबांची कृपा.’ लोकांना ते उत्तर फार आवडतं. ते लगेच आपल्या मुलांकडे वळून सांगतात, बघा, यांच्या घरी आजोबांनी मराठी कसं जपलं होतं. मी मोदक खाते. खरं उत्तर मोदक खाता खाता सांगण्यासारखं नाही आणि इतक्या वर्षांत ते मी कोणालाच धड सांगितलेलं नाही. आता साठी दाराशी येऊन उभी आहे, बाबांना जाऊनही बराच काळ झाला, तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

आमचं घर लंडनच्या टोकाला, पिनरला होतं. वर तीन खोल्या, त्यातली तिसरी म्हणजे बॉक्स-रूम, ती माझी. पलंग आणि टेबल आत गेल्यावर तिचं दार कधीच पुरतं उघडलं नाही. खिडकीतून मागची बाग दिसायची: आईने लावलेला आणि मग कोणाचंच न ऐकता पसरलेला पुदिना, कपडे वाळत घालायचा गरगर फिरणारा खांब आणि अगदी टोकाला बाबांची लाकडी शेड. डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी विमान जायचं आणि आई बोलता बोलता थांबून ते गेल्यावर वाक्य पुढे सुरू करायची. ती हॉस्पिटलच्या फार्मसीत अर्धा दिवस काम करायची आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात इंग्लंडच्या किराण्यातून महाराष्ट्र उभा करायची. बेक्ड बीन्सचा डबा उघडून, चाळणीत धुऊन, मोहरी-हिंगाची फोडणी आणि गोडा मसाला घालून ती उसळ करायची. मी ती टोस्टवर घेऊन खायचे आणि बाबा म्हणायचे, ‘दोन्ही देशांचा अपमान एका ताटात.’

बाबा भूल देणारे डॉक्टर. ऑपरेशनला आलेल्या घाबऱ्याघुबऱ्या माणसाचा हात हातात घ्यायचा, दहापासून उलटे आकडे मोजायला सांगायचे आणि तो झोपला की शेवटपर्यंत उशाशी बसायचं, हे त्यांचं काम. सातच्या खाली कोणी जात नाही, असं ते कौतुकाने सांगायचे. त्यांचा आवाज त्याच कामासाठी घडवलेला असावा, मऊ आणि एका पट्टीतला. माझ्या बोटातलं कुसळ काढतानाही तोच आवाज असायचा, ‘काही होणार नाही हं, बघ, झालंसुद्धा.’ आणि खरोखरच झालेलं असायचं. आईचं बोलणं मी वीस टक्के सूट देऊन ऐकायचे. बाबांच्या बोलण्यातला काना-मात्राही मला खरा वाटायचा. पुढचं सगळं समजायला एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

आमच्या घरात मोठ्यांची गुपितं च-च्या भाषेत बोलली जायची. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला च लावायचा. ‘चलाति चगूसां चकोन,’ असं आई जेवणाच्या टेबलावर म्हणाली की समजायचं, ‘तिला सांगू नको.’ माझं बोलायचं मराठी म्हणजे आनंदच होता, ‘माझा पुस्तक’ आणि ‘मोठी घर’ असा सगळा लिंगबदल चालायचा, पण कळायचं सगळं. च-ची भाषा मला सातव्या वर्षीच येत होती आणि ते मी दोन वर्षं लपवून ठेवलं. मग एकदा कोणा काकूंच्या विगबद्दल काहीतरी निघालं, मी फसकन हसले आणि पकडले गेले. त्या दिवसापासून घरातली गुपितं घराबाहेर गेली. आईबाबा ती गाडीत बोलायचे, नाहीतर बागेत. घरात बिनवायरचा फोन आल्यावर तर बाबांना मोकळं रानच मिळालं. रविवारी सकाळी पोहे झाले की ते त्याची लांब एरियल ओढून शेडपर्यंत चालत जायचे आणि तिथून पुण्याला माईआत्याशी बोलायचे. माईआत्या म्हणजे त्यांची मोठी बहीण, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. घरातल्या कुठल्याही निर्णयावर तिचा शिक्का लागायचा.

मी चौदा वर्षांची असताना बाबांनी ऑपरेशन थिएटरमधल्या एका टेक्निशियनकडून त्याचा जुना रेडिओ स्कॅनर आणला, एकेका चॅनलवर फिरत हवेतली बोलणी पकडणारा. हातात मावेल न मावेल असा काळा ठोकळा, वर रबरी शेपूट, समोर आकड्यांची बटणं आणि पोटात वीस चॅनल. आईने विचारलं, ‘यात गाणी लागतात का?’ लागत नाहीत म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला. मला मात्र बाबांनी डायनिंग टेबलावर शेजारी बसवून घेतलं. शनिवारची दुपार, शेजारी गवत कापायचं मशीन घरघरतंय, टेबलावर चहा आणि चकल्या, आणि बाबा स्कॅनरची सगळी स्मृती पुसून मला पहिल्यापासून शिकवताहेत. ‘हे बघ. आधी मॅन्युअल. मग चॅनलचा नंबर. मग प्रोग्रॅम. मग फ्रीक्वेन्सी, पॉइंटसकट. मग एंटर. चुकलीस तर तो एरर दाखवेल, घाबरायचं नाही. परत मॅन्युअलपासून.’ मी पहिला चॅनल भरला आणि नुसती खरखर ऐकू आली.

‘बाबा, it’s just hissing.’

‘मग स्क्वेल्चची ही गोल कळ फिरव. हळू. दूध वर येतं तेव्हा आपण नेमक्या क्षणी गॅस बंद करतो ना? तसं. खरखर थांबली की तिथेच थांबायचं. त्याच्या पुढे गेलीस तर माणसंही ऐकू येणार नाहीत.’

मी कळ फिरवली, खरखर थांबली आणि त्या शांततेत एक शांत इंग्रज आवाज आला. तो कोणा वैमानिकाला किती उंचीवर उतरायचं ते सांगत होता. वैमानिकाने तेच आकडे त्याला परत म्हणून दाखवले. बाबांचा चेहरा असा खुलला की जणू तो वैमानिक त्यांनीच जन्माला घातला होता. ‘बघितलंस? नुसतं हो म्हणून चालत नाही. जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं. म्हणजे सांगणाऱ्याला कळतं, की हा माणूस ऐकतोय.’ एक ते चार चॅनल हीथ्रोचे, त्यात तीनवर उतरणारी विमानं. पाच ते नऊ इकडचे तिकडचे छोटे विमानतळ. नियम एकच होता, विमानं सोडून काही ऐकायचं नाही. टॅक्सीवाले नाहीत, पोलीस तर नाहीच नाही. ‘कायद्यात बसत नाही, आणि दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं आपल्याला शोभतही नाही.’ बाबांच्या सगळ्या पिढीचं इंग्लंडशी हेच नातं होतं, पाहुण्यासारखं, सोफ्याच्या कडेवर बसून.

पुढच्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की स्कॅनर नऊवरून सरळ अकरावर उडी मारतो. दहा नंबर काढून बघितला तर पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसा L. मी विचारलं. बाबा म्हणाले, ‘ते लॉकआउट. नको असलेला चॅनल बंद ठेवायचं बटण. स्कॅनर तो वगळून पुढे जातो.’

‘पण दहावर काय आहे?’

‘काही नाही. खराब आहे तो, नुसती खरखर. दहा नंबरला हात लावायचा नाही.’ त्याच मऊ आवाजात. मी विश्वास ठेवला. पुढे कळलं ते असं: मधल्या आठवड्यात, आपला फोन हवेतून फुटतो की काय ते बघायला बाबांनी त्याची लहर, सत्तेचाळीसच्या आसपासची, दहावर भरून पाहिली होती. त्यांना आई कोणाला तरी चिरोट्यांची कृती सांगताना ऐकू आली आणि त्यांनी शरमून तो चॅनल बंद करून टाकला. पुसून टाकायचा तो नुसता बंद केला, ही पहिली चूक. आणि आमच्या घरात एकदा ‘हात लावायचा नाही’ म्हटलं की ते कुलूपच, अशी त्यांची समजूत, ही दुसरी. ही दुसरी चूक आपल्या माणसांकडूनच होते. पोळपाटापासून देवघरापर्यंत सगळं आपण तेवढ्या एका वाक्याच्या भरवशावर उघडं ठेवतो.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. त्या वसंतात मी लायब्ररीत जाते असं सांगून वर्गातल्या जोअॅनबरोबर आइस-रिंकवर गेले होते आणि तिथून परतताना बसस्टॉपवर चार मुलांशी बोलत, चिप्स खात उभी असलेली मंडळातल्या एका काकूंना दिसले. काकूंनी त्या चिप्सचाही तपशील आईला दिला. घरात आठवडाभर कोणी आवाज चढवला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मे महिन्यात बाबांनी जाहीर केलं की यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे सहा आठवडे पुण्याला जायचं. मी खूश झाले. पुण्यात माझे लाड व्हायचे, आंबे संपलेले असले तरी आंबापोळी असायची, आणि परत आल्यावर जोअॅनला दाखवायला बांगड्या.

जुलैच्या सुरुवातीच्या एका रविवारी बाबा नेहमीसारखे फोन घेऊन बागेत गेले. मी वर माझ्या खोलीत सराव करत बसले होते. बाबांनी परीक्षा ठेवली होती, दहा सोडून एकोणीसच्या एकोणीस चॅनल न चुकता पुसून परत भरायचे. दहावर आल्यावर मला वाटलं, एकदा ऐकून तर बघू, खराब म्हणजे किती खराब. मी L घालवला. खरखर नव्हती. बाबांचा आवाज होता, इतका स्वच्छ की मी दचकून दाराकडे बघितलं. मग खिडकीतून पाहिलं. ते शेडपाशी पाठमोरे उभे होते, वळले की ओठ दिसत होते आणि तेच शब्द माझ्या मांडीवरच्या ठोकळ्यातून बाहेर येत होते. फक्त त्यांच्याच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं, माईआत्या नाही. ती बोलायची तेव्हा बागेतल्या चिमण्या ऐकू यायच्या.

‘नाही माई, तिला अजून काही सांगितलेलं नाही... आत्ता सांगितलं तर गोंधळ घालेल, विमानात पाय ठेवणार नाही... हो, तिकीट तिचंही रिटर्नच काढलंय, संशय यायला नको... शाळेचा दाखला मी पाठवतो, नववीत बसवतायत का विचार... नाही गं, वाईट नाहीये. हुशार आहे, म्हणूनच भीती वाटते. इथे हातची जाईल... दोन वर्षं. फार तर तीन... नाही, रडारड नकोच. आम्ही पहाटेची गाडी घेऊ मुंबईला. ती उठायच्या आत निघू.’

मी काय केलं ते सांगते. मी दहावर परत L लावला, चॅनल नेमून दिल्याप्रमाणे भरले आणि खाली जाऊन परीक्षा दिली. एकोणीसपैकी एकोणीस. बाबांनी पाठ थोपटली, ‘शाब्बास, इंजिनिअर!’ त्यांचा तो हात पाठीवर असताना मला पहिल्यांदा वाटलं, की हा हात कोणाचा आहे ते मला ठाऊक नाही. राग नंतर आला. त्या क्षणी नुसती घसरण होती, जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तशी.

आईला हे माहीत असणं शक्य नाही, असं मी रात्रभर स्वतःला पटवलं. ती बाबांवर चिडेल, भांडेल, माईआत्याला चार शब्द सुनावेल. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी स्वयंपाकघरात गेले. ती सिंकपाशी तांदूळ धूत होती. मी म्हटलं, ‘आई, बाबा मला पुण्यात सोडून येणार आहेत. For school. You have to stop him.’ मी वाट बघत होते ती ‘वेडी आहेस का’ या वाक्याची. आईने नळ बंद केला, हात पुसले आणि विचारलं,

‘तुला कोणी सांगितलं?’

एवढंच. खोटं आहे, असं म्हणाली नाही. मी जिन्याकडे पळाले तर तिने मला मध्येच धरलं. ‘वैशू, ऐक. दोन वर्षं काय, बघता बघता जातात. माई जीव लावतील तुला. अगं, इथे पोरी हातातून कशा निसटतात, रोज बघतेय मी.’ आणि मग हळूच, ‘बाबांना कळू देऊ नकोस, तुला माहितीये म्हणून. ते स्वतः सांगणार आहेत. त्यांना सांगू दे. त्यांच्या मनाला फार लागलंय हे.’ त्यांच्या मनाला! आजही ते वाक्य आठवलं की हातातला कप ठेवून द्यावा लागतो. पण चौदाव्या वर्षी त्यातलं एकच मी घट्ट धरलं, ते स्वतः सांगणार आहेत. बाबा खोटं बोलत नाहीत, फक्त सांगायचं राहिलंय. सांगू देत. पुण्याला जायचं की नाही हा प्रश्न त्या दिवशी माझ्यापुरता मागे पडला. बाबा मला सांगतात की नाही, एवढाच उरला.

तीन आठवडे मी त्यांना संधी देत होते. नको तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे. गाडी धुताना बादली धरायचे. आई बॅगा भरत होती आणि ऑगस्टातल्या पुण्यासाठी तिने माझा जाड स्वेटर आत ठेवला, ते बाबांनी पाहिलं, मी पाहिलं. एका शनिवारी स्कॅनर ऐकता ऐकता मी अगदी दार उघडून धरलं.

‘बाबा, परत येताना, when we come back, आपण कोणत्या बाजूने उतरणार?’

त्यांनी स्कॅनरचा आवाज कमी केला. मला वाटलं, आता. ‘वाऱ्यावर आहे ते,’ बाबा म्हणाले. ‘बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, म्हणजे आपण लंडनवरून येऊ. तू खिडकीपाशी बस. नदी दिसेल, पूल दिसतील सगळे. परत आलो की तू मला सांग, काय काय दिसलं ते.’ आवाज मऊ, एका पट्टीतला. काही होणार नाही हं. झालंसुद्धा.

निघायच्या आधीच्या रविवारी मी ठरवलं, की ते सांगत नाहीत तर आपण सांगू. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. तोंडावर बोलले असते तर मी इंग्रजीत ओरडले असते, आणि इंग्रजीत ओरडणाऱ्या मुलीसाठीच तर पुणं होतं. सकाळी स्कॅनरच्या बॅटऱ्या बदलते असं सांगून मी दहाचा L काढून ठेवला. पोहे झाले. बाबा डायनिंग टेबलावर पेपर वाचत बसले, शेजारी स्कॅनर चालू. मी फोन उचलून बागेत गेले, एरियल ओढली आणि शेडपाशी, बरोबर त्यांच्या जागी, उभी राहिले. लाइन चालू राहावी म्हणून एक-दोन-तीन दाबून बोलतं घड्याळ लावलं. ती बाई कानात दर दहा सेकंदांनी वेळ सांगत होती आणि तिच्यावरून मी बोलत होते. काचेच्या दारातून बाबा दिसत होते.

‘बाबा, मी वैशू बोलते. मी बागेत आहे. तुम्ही माईआत्याला सांगितला ते मी ऐकला. दहा नंबरवर. Sorry, मी हात लावला.’ बाबांनी मान वर केली. बागेकडे नाही, स्कॅनरकडे. ‘मी आइस-रिंकची खोटं बोलली होती, ते पण sorry. माझी शाळा इथे आहे. पण बाबा, तुम्ही मला सांगा ना. तुम्ही स्वतः सांगितला तर मी जाईन पुण्याला. I promise. रडणार नाही. फक्त मी झोपलेली असताना जाऊ नका.’

त्यांनी स्कॅनर उचलून कानाशी धरला. म्हणजे ऐकलं, शब्द न् शब्द ऐकला. मी थांबले, आता ते दार उघडतील म्हणून. बाबांनी स्कॅनर खाली ठेवला, चष्मा वर सरकवला आणि एका बोटाने एक बटण दाबलं. मग पेपरचं पान उलटलं.

मला कळलं नाही असं नाही. कळलं, तरी मी बोलत राहिले, किती वेळ ते त्या घड्याळवाल्या बाईलाच ठाऊक. मग स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक झाली. आई हाताने खुणा करत होती, चटणीला पुदिना आण. मी फोन बंद केला आणि पुदिना खुडला. आत आले तेव्हा स्कॅनर नऊवरून अकरावर उड्या मारत होता, आणि बाबा म्हणाले, ‘बॅटऱ्या छान बसवल्यास हं.’

पुण्यात सहा आठवडे लाड झाले. शेवटच्या पहाटे मी जागीच होते. रिक्षा गल्लीत आल्याचा आवाज आला, बॅगा उचलल्या गेल्या, आई दारात नाक ओढत उभी राहिली. बाबा माझ्या पलंगापाशी आले आणि त्यांनी कपाळावर हात ठेवला, पेशंटच्या ठेवत तसा. मी डोळे मिटून मनात मोजायला लागले, दहा, नऊ, आठ. एक शब्द बोलले असते तर मी डोळे उघडणार होते. मी एकपर्यंत पोहोचले. मग शून्य. मग रिक्षा सुरू झाली.

माईआत्या वाईट नव्हती, हे लिहिलंच पाहिजे. तिने मला रडू दिलं, जेवायला घातलं आणि ‘माझा पुस्तक’ म्हटल्यावर प्रत्येक वेळी जेवण थांबवून ‘माझं’ म्हणायला लावलं. शाळेत मुली मला ‘लंडन’ म्हणायच्या, वर्षभराने वैशाली म्हणायला लागल्या. दर रविवारी दुपारी बाबांचा फोन यायचा. पावसाचं विचारायचे, गणिताचं विचारायचे. मी हो, नाही, बरं आहे, एवढंच म्हणायचे आणि मनात यायचं, बागेतून बोलतायत की घरातून? दोन वर्षांची तीन झाली. या तीन वर्षांमुळेच मी आज हे असं लिहू शकते, आणि मला ते उपकार म्हणून मोजता येत नाहीत. आई आता माझ्याकडे मेडनहेडला असते. मध्ये एकदा तिला मी विचारलं, की बाबा तुला त्या रविवारबद्दल काही बोलले होते का. ती म्हणाली, ‘कुठला रविवार? तू किती सुखात होतीस पुण्यात.’ खरंच आठवत नसेल. पण मला ते पुरलं नाही.

सतराव्या वर्षी मी परत आले, एकटी. खिडकीपाशी बसले नाही, मुद्दाम मधली सीट मागून घेतली. हीथ्रोला बाहेर आले तर कठड्यापलीकडे बाबा उभे होते, पुरते पिकलेले, आणि कोटाच्या खिशातून ती रबरी शेपूट बाहेर डोकावत होती. मला बघून त्यांचे डोळे भरले. मी वाकून नमस्कार केला, माईआत्याने शिकवला होता तसा. ते घाईघाईने, लहान मुलासारखे सांगायला लागले, ‘अगं, तुझं विमान ऐकलं मी. गाडीत बसून. तीनवर! तुझ्या पायलटला उतरायला सांगितलं, त्याने परत म्हणून दाखवलं, सगळं ऐकलं. आज वारा पूर्वेचा आहे.’

‘मी दहावर होते, बाबा,’ मी म्हटलं. एकही चूक न करता, अगदी पुण्याच्या मराठीत.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशात हात घातला आणि कळ फिरवून स्कॅनर बंद केला. टक् असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्यांनी ट्रॉली माझ्या हातातून घेतली.

‘चल,’ ते म्हणाले, ‘आई गाडीत थांबलीय.’